अक्षरभेद, पदच्छेद आणि आज्ञावलीची वाचनीयता : खानदेशातील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

१५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना झाली आणि खानदेशातील महाविद्यालयांना आपले स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. २०१८ साली या विद्यापीठास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. जळगाव, धुळे आणि १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. या परिसरातील संगणकशास्त्राच्या वर्गात येणारे अनेक विद्यार्थी घरी अहिराणी, लेवा बोली, तावडी, पावरी किंवा भिली बोलतात, शाळेत प्रमाण मराठी शिकतात आणि महाविद्यालयात एकदम इंग्रजीतून सी, जावा किंवा पायथॉन या भाषांना सामोरे जातात. त्यांच्या घरची बोली कोणतीही असो, शिक्षणाची पहिली लिपी बहुधा देवनागरी असते. आणि देवनागरीत मोठी एबीसीडी व छोटी एबीसीडी असा भेद नाही.

आज्ञावली लिहिताना कोणते अक्षर कॅपिटल आणि कोणते स्मॉल असावे याविषयी संगणकशास्त्रात अनेक संकेत रूढ आहेत. या संकेतांमुळे आज्ञावली वाचण्यास सुलभ होते, असे पाठ्यपुस्तकांतून एका वाक्यात सांगितले जाते व पुढील प्रकरणाकडे वळले जाते. ही सुलभता कोणासाठी, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. ज्याची पहिली लिपी लॅटिन आहे त्याच्या डोळ्याला कॅपिटल अक्षर बालपणापासून वाक्यारंभाची आणि विशेषनामाची खूण म्हणून परिचित असते. ज्याची पहिली लिपी देवनागरी आहे त्याला ही खूण प्रथम शिकावी लागते आणि मग तिच्या आधारे वाचावे लागते. प्रस्तुत लेखात अक्षरभेदाच्या या संकेतांची चिकित्सा देवनागरीच्या वाचकाच्या बाजूने केली आहे.

अक्षरभेदाची तीन कार्ये

आज्ञावलीतील अक्षरभेद हा सतत चालत आलेला नियम नाही. १९५७ साली फोरट्रान ही भाषा आली तेव्हा पंचकार्डावर केवळ कॅपिटल अक्षरे उमटत. १९६३ च्या आस्की मानकातही स्मॉल अक्षरे नव्हती. ती १९६७ च्या आवृत्तीत आली. सुरुवातीच्या फोरट्रानमध्ये नाव सहा अक्षरांपेक्षा मोठे करता येत नसे आणि ओळीतील मोकळ्या जागांना कंपायलरच्या दृष्टीने काहीही अर्थ नव्हता. १९७० च्या सुमारास निकलाउस वर्थ यांनी रचलेल्या पास्कल भाषेत कॅपिटल आणि स्मॉल यांत फरक केला जात नाही. याउलट १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत घडवलेल्या सी भाषेत हा फरक पूर्णपणे पाळला जातो. १९८९ च्या सी मानकातील ३२ राखीव शब्दांपैकी प्रत्येक शब्द स्मॉल अक्षरांत आहे.

पुढे नावे लांब झाली. नावाच्या मध्ये मोकळी जागा सोडता येत नसल्याने दोन शब्द जोडण्याच्या दोन पद्धती रूढ झाल्या. एका पद्धतीत पुढील शब्दाचे पहिले अक्षर कॅपिटल केले जाते. मध्येच उंचवटे दिसतात म्हणून तिला कॅमल केस म्हणतात. दुसऱ्या पद्धतीत दोन शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर घातला जातो. सन कंपनीने १९९० च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या जावाच्या संकेतांनी पहिली पद्धत स्वीकारली. पायथॉनच्या २००१ सालच्या पेप ८ या दस्तऐवजाने फंक्शन व व्हेरिएबल यांच्यासाठी दुसरी पद्धत सुचवली. दोन्हींमध्ये क्लासच्या नावाचा आरंभ कॅपिटल अक्षराने होतो आणि न बदलणाऱ्या मूल्याचे नाव संपूर्ण कॅपिटल अक्षरांत लिहिले जाते.

या सर्व संकेतांचा एकत्र विचार केला असता अक्षरभेद तीन वेगवेगळी कार्ये करतो असे आढळते. पहिले कार्य पदच्छेदाचे, म्हणजे एका नावातील शब्द वेगळे दाखवण्याचे. दुसरे कार्य जातिनिर्देशाचे, म्हणजे हे नाव क्लासचे, व्हेरिएबलचे की स्थिर मूल्याचे हे सांगण्याचे. तिसरे कार्य अर्थभेदाचे. येथे केवळ अक्षर मोठे की छोटे यावरून कंपायलर दोन नावे भिन्न मानतो. वर्गात ही तिन्ही कार्ये 'केस सेन्सिटिव्ह' या एकाच शब्दाखाली शिकवली जातात. वास्तविक तिन्हींचे गुणदोष भिन्न आहेत आणि त्यांचे मूल्यमापनही स्वतंत्रपणे व्हावयास हवे.

पदच्छेदाची आपली परंपरा

शब्द वेगळे दाखवण्याचा प्रश्न मराठी वाचकास नवा नाही. धुळे येथील इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ हे त्याचे जवळचे उदाहरण होय. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निधन झाल्यानंतर १९२७ साली हे मंडळ स्थापन झाले. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून गोळा केलेली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ज्या मोडी कागदपत्रांतून सिद्ध झाली, त्या कागदपत्रांत आधी आडवी रेघ ओढली जाई आणि मग तिच्याखाली अक्षरे लटकवली जात. लेखणी शक्यतो उचलली जात नसे. दोन शब्दांत जागा सोडली जात नसे, विरामचिन्हे नसत आणि इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेदही पाळला जात नसे. जुन्या बालबोध पोथ्यांतही शब्द सलगच लिहिलेले आढळतात. संस्कृत अध्ययनात पदच्छेद हा वाचनाचा स्वतंत्र टप्पा मानला गेला तो याच कारणाने.

असे असूनही फडावरचे कारकून मोडी पत्र झरझर वाचत. याचे कारण पत्राच्या ठरलेल्या मायन्यात, ठरलेल्या शब्दावलीत आणि दीर्घ सरावात होते. यावरून वाचनीयतेविषयी एक गोष्ट स्पष्ट होते. वाचनीयतेचा मोठा भाग वाचकाच्या परिपाठात असतो. कागदावरील खुणा त्या परिपाठाला साहाय्य करतात. परिपाठ तुटला की लेखन दुर्वाच्य होते. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडीचा व्यवहारातील वापर थांबला आणि आज तीच पत्रे वाचण्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे लागते.

बाहेरून आलेला संकेत आपलासा होऊ शकतो, याचेही उदाहरण मराठीत आहे. एकोणिसाव्या शतकात मुद्रणाबरोबर शब्दांमधील मोकळी जागा स्थिर झाली आणि इंग्रजीतील विरामचिन्हे मराठीत आली. ती रूढ करण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. आज स्वल्पविराम परका वाटत नाही, कारण तो देवनागरी अक्षरांच्या शेजारी बसू शकतो. कॅपिटल अक्षराचे तसे नाही. ते अक्षराचेच दुसरे रूप आहे आणि देवनागरी अक्षराला तसे दुसरे रूप नाही. म्हणून अंडरस्कोर हा स्वल्पविरामासारखा उसना घेता येतो. कॅमल केस घेता येत नाही. पदच्छेदाच्या दोन पद्धतींची तुलना करताना हा मूलभूत फरक बहुधा लक्षात घेतला जात नाही.

संशोधनाची साक्ष आणि तिच्या मर्यादा

कॅमल केस आणि अंडरस्कोर यांपैकी वाचण्यास सोपे काय, यावर प्रयोगाधारित संशोधन झाले आहे. डेव्हिड बिंक्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली आंतरराष्ट्रीय प्रोग्राम आकलन परिषदेत १३५ व्यक्तींवरील अभ्यास मांडला. त्यांत प्रोग्रामर होते, तसेच प्रोग्रामर नसलेलेही होते. कॅमल केसमधील नावे ओळखण्यात अचूकता अधिक आढळली. ज्यांना कॅमल केसचे शिक्षण मिळाले होते त्यांनी ती अधिक वेगानेही ओळखली. पुढील वर्षी, २०१० साली, बोनिता शरीफ आणि जोनाथन मॅलेटिक यांनी नेत्रगतीमापक यंत्राच्या साहाय्याने १५ जणांवर तोच प्रश्न पुन्हा तपासला. हे सर्वजण प्रोग्रामर होते आणि त्यांचा सराव मुख्यतः अंडरस्कोरचा होता. येथे अचूकतेत फरक दिसला नाही. वेग मात्र अंडरस्कोरच्या बाजूने गेला.

या दोन निष्कर्षांना परस्परविरोधी म्हणून सोडून देणे सोपे आहे. परंतु त्यांतील वेगाचे निष्कर्ष एकत्र वाचले तर दोन्ही ठिकाणी सरावाचाच कौल दिसतो : ज्याच्या डोळ्याला जी पद्धत घडवली गेली तीच त्याला जलद वाटली. मोडीच्या कारकुनाविषयी वर जे म्हटले त्याच्याशी हे जुळते. दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. दोन्ही अभ्यासांतील प्रश्न लॅटिन लिपीतील नावांपुरता होता. ज्याने वाचनाची पहिली दहा वर्षे कॅपिटल अक्षरांविना काढली, त्याच्यासाठी कॅमल केसमधील उंचवटा तितकाच ठळक असतो काय, याचे उत्तर या अभ्यासांतून मिळू शकत नाही आणि ते देण्याचा त्यांचा दावाही नाही. तेव्हा २००९ च्या अभ्यासाच्या आधारे कॅमल केस सर्वांनाच सोपे असा नियम खानदेशातील वर्गात सांगणे शास्त्रशुद्ध ठरत नाही.

कॅमल केसचा आणखी एक दोष इंग्रजीच्या वाचकालाही जाणवतो. संक्षिप्त नावे आली की ही पद्धत डळमळते. ब्राउझरमधील 'एक्सएमएल-एचटीटीपी-रिक्वेस्ट' या प्रसिद्ध नावात पहिला संक्षेप संपूर्ण कॅपिटल आहे, तर दुसऱ्या संक्षेपाचे केवळ पहिले अक्षर कॅपिटल आहे. जावास्क्रिप्टमधील 'गेट-एलिमेंट-बाय-आयडी' या नावात शेवटच्या 'आयडी'तील आय कॅपिटल व डी स्मॉल आहे. एरवी हा संक्षेप दोन्ही कॅपिटल अक्षरांत लिहिण्याची सवय असल्याने विद्यार्थी तसेच लिहितो आणि चूक आज्ञावली चालवल्यावरच कळते. येथे तर्काने योग्य अक्षर शोधता येत नाही. पाठच करावे लागते.

न ऐकू येणारा भेद

अर्थभेदाचे कार्य समजावताना शिक्षक बहुधा मराठीतील ऱ्हस्वदीर्घाचा दाखला देतात. 'दिन' आणि 'दीन' हे जसे दोन शब्द, तसेच कॅपिटल टीचे 'टोटल' आणि स्मॉल टीचे 'टोटल' ही दोन नावे, असे सांगितले जाते. दाखला उपयुक्त आहे, परंतु तो अर्ध्या वाटेवर थांबतो. ऱ्हस्वदीर्घाचा भेद निदान तत्त्वतः उच्चाराचा आहे. तो कानाला सांगता येतो. कॅपिटल आणि स्मॉल यांचा भेद कानाला मुळीच सांगता येत नाही. शिक्षक फळ्याकडे पाहून आज्ञावली मोठ्याने वाचतो तेव्हा दोन्ही 'टोटल' एकच असतात. ऐकून लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहीत यांपैकी कोणते उतरेल हे त्याच्या सवयीवर अवलंबून राहते.

हस्ताक्षरात ही अडचण वाढते. लॅटिन लिपीतील सी, ओ, एस, व्ही, डब्ल्यू, एक्स आणि झेड या सात अक्षरांची मोठी व छोटी रूपे आकृतीने जवळजवळ सारखी असून त्यांत केवळ आकारमानाचा फरक आहे. घाईच्या लेखनात के, पी आणि यू यांचीही त्यांत भर पडते. शाळेतील चार रेघी वहीत हा फरक रेघांमुळे कळत असे. महाविद्यालयाच्या प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत त्या चार रेघा नसतात. ज्या भाषेत अक्षराच्या आकारमानावर अर्थ ठरतो, त्या भाषेतील आज्ञावली एकरेघी कागदावर हाताने लिहून घ्यावयाची आणि नंतर कंपायलरच्या काटेकोरपणे तपासावयाची, यात विसंगती आहे. लेखी परीक्षेतील एखादा गुण विद्यार्थ्याच्या तर्कावर अवलंबून आहे की त्याच्या 'एस'च्या उंचीवर, याचा विचार परीक्षकांनी करणे अगत्याचे आहे.

चुकीचा शोध लागण्याची रीतही विद्यार्थ्याच्या विरुद्ध जाते. सी भाषेच्या १९८९ च्या मानकानुसार आधी घोषणा न करता फंक्शन वापरण्यास मुभा होती. त्यामुळे 'प्रिंटएफ'मधील पी चुकून कॅपिटल झाला, तर कंपायलर फार तर सूचना देऊन पुढे जाई आणि दोष लिंकरच्या टप्प्यावर, बहुधा ओळक्रमांकाविना, प्रकट होई. १९९९ च्या मानकाने ही मुभा काढून घेतली. तथापि जुन्या टर्बो सीवर शिकलेल्या पिढ्यांनी हा मनस्ताप पुरेपूर अनुभवला आहे. अशीच गत फाइलींच्या नावांची होते. विंडोजवर फाइलचे नाव कॅपिटल की स्मॉल याने सामान्यतः फरक पडत नाही, लिनक्सवर पडतो. प्रयोगशाळेत व्यवस्थित चाललेले संकेतस्थळ सर्व्हरवर चढवताच त्यातील चित्रे दिसेनाशी होतात ती पुष्कळदा यामुळेच. शिवाय प्रकल्पाचा अहवाल वर्डमध्ये तयार करताना ओळीचे पहिले अक्षर आपोआप कॅपिटल होते. छापील अहवालातील आज्ञावली आणि प्रत्यक्ष चाललेली आज्ञावली यांत मग तफावत पडते. यांपैकी एकाही चुकीचा विद्यार्थ्याच्या तर्कशक्तीशी संबंध नाही. परंतु अशा चार चुका एका तासात झाल्या की आपल्याला प्रोग्रामिंग जमत नाही, असा ग्रह तो करून घेतो. आणि कधी शिक्षकही तो ग्रह दुरुस्त करीत नाही.

'घडवजन' : लिप्यंतराची अडचण

समजा, जळगाव जिल्ह्यातील केळी खरेदीसाठी विद्यार्थ्यांनी एक प्रणाली तयार केली आणि तीत घडाचे वजन साठवण्यासाठी 'घडवजन' असे नाव दिले. देवनागरीत हे नाव सलग वाचताना डोळा 'घडव' आणि 'जन' असाही छेद करू शकतो. 'घड_वजन' असे लिहिताच शंका मिटते. पदच्छेदाची खूण का हवी, याचे हे मराठीतील साधे उदाहरण होय.

आता हेच नाव रोमन अक्षरांत लिहू. अविनाश चोपडे यांनी विकसित केलेल्या आयट्रान्स या लिप्यंतर पद्धतीत कॅपिटल अक्षर ध्वनी बदलते. स्मॉल टी म्हणजे त, कॅपिटल टी म्हणजे ट. स्मॉल डी म्हणजे द, कॅपिटल डी म्हणजे ड. स्मॉल एन म्हणजे न, कॅपिटल एन म्हणजे ण. या पद्धतीने 'घड' लिहिताना ड साठी कॅपिटल डी येतो. कॅमल केसला सरावलेला वाचक त्याच कॅपिटल अक्षराला शब्दारंभ समजतो आणि 'घ' व 'डवजन' असा छेद करतो. 'वजन'चा व्हीही कॅपिटल केला तर एका नावात दोन कॅपिटल अक्षरे येतात. त्यांपैकी एक ध्वनीसाठी आणि दुसरे पदच्छेदासाठी. इन्स्क्रिप्ट कळफलकावरही शिफ्ट कळ ध्वनीच बदलते : क च्या कळीवर शिफ्टसह ख, ग च्या कळीवर घ, त च्या कळीवर थ. मराठी टंकलेखन करणाऱ्याच्या बोटांत शिफ्ट म्हणजे दुसरे अक्षर हा संस्कार असतो. इंग्रजी टंकलेखन करणाऱ्याच्या बोटांत शिफ्ट म्हणजे तेच अक्षर मोठे. या दोन संस्कारांची टक्कर विद्यार्थ्याला समजावून सांगितली जात नाही.

भाषानिर्मात्यांची गृहीतके

देवनागरीतच नावे लिहावीत, असा पर्याय आज तंत्रदृष्ट्या उपलब्ध आहे. २००८ साली आलेल्या पायथॉन ३ मध्ये 'एकूण_वेतन = मूळ_वेतन + महागाई_भत्ता' ही ओळ, त्या नावांना मूल्ये दिलेली असल्यास, जशीच्या तशी चालते. जावामध्येही देवनागरी नावांना मज्जाव नाही. परंतु जेथे अक्षरभेदाला व्याकरणात स्थान दिले आहे, तेथे देवनागरीचा मार्ग बंद होतो. रुबी भाषेत क्लासच्या नावाचा आरंभ कॅपिटल अक्षरानेच व्हावा लागतो. म्हणून 'घड' असा क्लास तेथे करता येत नाही. प्रोलॉगमध्ये कॅपिटल अक्षराने सुरू होणारे नाव व्हेरिएबल ठरते. देवनागरीत त्यासाठी आरंभी अंडरस्कोर जोडण्याशिवाय गत्यंतर नाही.

गो या भाषेचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. २००९ साली गूगलने जाहीर केलेल्या या भाषेत नावाचे पहिले अक्षर कॅपिटल असेल तरच ते नाव पॅकेजबाहेर वापरता येते. शिवाय नावात केवळ अक्षरे, अंक व अंडरस्कोर चालतात. युनिकोडने जोडचिन्हे म्हणून वर्गीकृत केलेल्या मात्रा चालत नाहीत. परिणामी 'घडवजन' हे नाव गोमध्ये चालते, कारण त्यात एकही मात्रा नाही. 'केळीभाव' चालत नाही. आणि 'घडवजन' चालले तरी ते पॅकेजच्या बाहेर जाऊ शकत नाही, कारण घ ला कॅपिटल रूप नाही. या मर्यादांची कबुली गोच्या निर्मात्यांनी आपल्या अधिकृत प्रश्नोत्तरांत दिली आहे आणि तेथे देवनागरीचा नामोल्लेखही आहे. कबुली प्रामाणिक आहे. तथापि जो संकेत वाचनीयतेसाठी म्हणून निर्माण झाला तो व्याकरणाचा नियम झाला की एखाद्या लिपीला पूर्णतः वगळू शकतो, हे त्यातून दिसून येते.

येथे दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. देवनागरी नावांनी सर्व प्रश्न सुटत नाहीत. राखीव शब्द रोमन आणि नावे देवनागरी असतील तर टंकलेखन करताना कळफलक वारंवार बदलावा लागतो. ऱ्हस्वदीर्घाच्या चुकीने 'मूळ_वेतन' आणि 'मुळ_वेतन' ही दोन भिन्न नावे होतात, म्हणजे अर्थभेदाचा धोका वेगळ्या रूपाने परत येतो. उद्या नोकरीच्या ठिकाणी इतरांनी लिहिलेली आज्ञावली वाचावयाची असल्याने कॅमल केसची ओळख विद्यार्थ्यास करून द्यावीच लागेल. जातिनिर्देशाचे कार्य तर अक्षरभेद समर्थपणे करतो. क्लासचे नाव कॅपिटलने आणि व्हेरिएबलचे नाव स्मॉलने सुरू झाले की आज्ञावलीचा परिचित वाचक व्याख्या न शोधता पुढे जाऊ शकतो. देवनागरीत यासाठी तितकी सुटसुटीत खूण आज नाही. तेव्हा अक्षरभेद टाळणे हा उपाय नसून तो जाणीवपूर्वक शिकवणे हा उपाय आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) अक्षरभेदाच्या तीन कार्यांपैकी जातिनिर्देश उपयुक्त आहे, पदच्छेद हा सरावाचा भाग आहे आणि केवळ अक्षरभेदाने होणारा अर्थभेद हानिकारक आहे. दोन नावांत फक्त कॅपिटल व स्मॉल इतकाच फरक असू नये, हा नियम प्रथम वर्षापासून सांगितला जावा.

२) कॅमल केस अधिक वाचनीय की अंडरस्कोर, याचे निर्विवाद उत्तर उपलब्ध संशोधनातून मिळत नाही. देवनागरी ही पहिली लिपी असलेल्या विद्यार्थ्यासाठी आरंभी अंडरस्कोर वापरणे युक्तीचे ठरते, कारण ती खूण त्याच्या स्वतःच्या लिपीतही तशीच उपयोगी पडते. कॅमल केसचा परिचय त्यानंतर, पदच्छेदाची दुसरी रीत म्हणून द्यावा.

३) आज्ञावली तोंडी सांगताना कॅपिटल अक्षराचा स्पष्ट उच्चार करावा आणि शक्य तेथे ती छापील स्वरूपात द्यावी. हस्तलिखित उत्तरपत्रिकेत आकारमानानेच वेगळ्या असणाऱ्या अक्षरांबाबत परीक्षकाने विद्यार्थ्यास संशयाचा फायदा द्यावा.

४) अक्षरभेदाच्या चुका आणि तर्काच्या चुका यांची नोंद प्रात्यक्षिकात वेगवेगळी ठेवावी. दोन्ही एकाच रकान्यात गेल्या की लिपीची अडचण बुद्धीची उणीव म्हणून गणली जाते.

५) पहिली लिपी आणि आज्ञावलीचे वाचन यांच्या संबंधावर संशोधनास वाव आहे. जळगाव व धुळे येथील महाविद्यालयांत मराठी माध्यमातून आणि इंग्रजी माध्यमातून आलेले विद्यार्थी एकाच वर्गात बसतात. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी शिकवले जात असले, तरी वाचनाची पहिली लिपी कोणती हा फरक कायम आहे. असा तुलनात्मक अभ्यास येथे अल्प खर्चात होऊ शकतो. त्यासाठी भाषा आणि संगणकशास्त्र या दोन विभागांनी एकत्र येणे आवश्यक आहे. मोडीचे वाचन शिकवणारा आणि सी भाषा शिकवणारा हे दोघेही विद्यार्थ्याला सलग लिहिलेल्या मजकुरात शब्द कोठे संपतो हेच शिकवत असतात.